विचारणारे मूल : पेसाह सणातील घर आणि शाळा

पेसाहच्या रात्रीचा मुख्य विधी घरातल्या सर्वांत लहान मुलाने तोंड उघडल्याशिवाय पुढे सरकत नाही. मराठी बायबलने ज्याला वल्हांडण म्हटले, तोच हा सण. निसान महिन्याच्या पंधराव्या तिथीला, साधारण चैत्री पौर्णिमेच्या आगेमागे तो सुरू होतो. इस्राएलमध्ये तो ७ दिवस चालतो, इतर देशांतली परंपरानिष्ठ घरे ८ दिवस पाळतात. मिसर देशातल्या गुलामगिरीतून इस्राएल लोकांची सुटका झाली, ही त्यामागची कथा. ती धर्मगुरूने सिनेगॉगमध्ये सांगायची नसते. घरी, जेवणाच्या टेबलाशी, आईबापांनी आणि आजीआजोबांनी ती सांगायची, आणि सांगायची ती मुलांना.

तोराहमध्ये, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, चार ठिकाणी या सुटकेविषयी मुलाला काय सांगावे ते दिले आहे, तीनदा निर्गमाच्या पुस्तकात आणि एकदा अनुवादाच्या. त्यांतल्या तीन ठिकाणी मूल आधी विचारते. एका ठिकाणी कोणी काही न विचारताच सांगावे, असा आदेश आहे. एवढ्या फरकावरून प्राचीन रब्बींनी चार प्रकारची मुले उभी केली : शहाणे, उद्धट, भोळे आणि विचारताच न येणारे. चौघांना एकच उत्तर देऊन भागत नाही, प्रत्येकाला त्याच्या समजेप्रमाणे सांगावे लागते, ही शिक्षणशास्त्रातली बाब इथे धर्मविधीचा भाग होऊन बसली आहे.

इसवी सनाच्या २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या धर्मशास्त्रग्रंथात पेसाहवरच्या प्रकरणमालेचा दहावा अध्याय या रात्रीचा आहे. वाइनचा दुसरा प्याला भरला की मुलाने बापाला विचारायचे. मुलाला तेवढी समज नसेल तर बापाने त्याला विचारायला शिकवायचे. मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ ताल्मूद याच्याही पुढे जातो. मूल नसेल तर बायकोने विचारावे, माणूस एकटा असेल तर त्याने स्वतःलाच विचारावे, आणि दोन पंडित सगळे नियम कोळून प्यायलेले असले तरी त्यांनी एकमेकांना विचारावे. उत्तर ठाऊक असण्याने प्रश्नातून सुटका होत नाही.

मुलाने विचारावे म्हणून आधी त्याला चकित करायचे, ही युक्तीही जुनीच आहे. रब्बी अकिवा या दिवशी मुलांना भाजलेल्या धान्याचे दाणे आणि अक्रोड वाटत असत, ते झोपी जाऊ नयेत आणि त्यांनी विचारत राहावे म्हणून, असे ताल्मूद सांगतो. या रात्री प्यायचे वाइनचे चार प्याले मुलांनाही बंधनकारक आहेत, असे एक मत तिथे मांडले जाते तेव्हा रब्बी यहुदा रोकडा सवाल करतात की लेकरांना दारूचा काय उपयोग. आजच्या घरांत हा वाद द्राक्षाच्या रसाने मिटवला आहे. त्याच ग्रंथात बालपणीच्या अबायेची हकिकत येते. अबाये पुढे मोठा पंडित झाला. लहानपणी तो रब्बा या पंडितांसमोर बसलेला असताना त्याला दिसले की जेवणाआधीच टेबल उचलून नेत आहेत. अजून जेवलो नाही तर टेबल का नेता, असे त्याने विचारले. तू आम्हाला ठरलेले प्रश्न म्हणण्यातून मोकळे केलेस, असे रब्बांनी त्याला सांगितले. या सणाविषयी पुढे जे काही लिहिले गेले त्यात इतके नेमके दुसरे काही नाही. मुलाच्या मनात खरोखर उगवलेला प्रश्न पाठ केलेल्या प्रश्नाची जागा घेतो, आणि त्याने शास्त्र मोडत नाही. बाराव्या शतकात मायमोनिडीस या धर्मशास्त्रकाराने आपल्या संहितेत हे सारे नियम म्हणूनच लिहून ठेवले : या रात्री काहीतरी वेगळे करावे, दाणे-अक्रोड वाटावेत, जेवणाआधी टेबल हलवावे, एकमेकांच्या हातातली मात्सा, म्हणजे न आंबवलेली पोळी, हिसकावून घ्यावी.

मुलांचा सण मात्र त्या रात्रीच्या पुष्कळ आधी, घराच्या झाडलोटीपासून सुरू होतो. गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांचे पाण्याशी संपर्क येऊन आंबलेले काहीही, म्हणजे हामेत्स, सणभर घरात असू नये. पाव, केक, बिस्किटे, शेवया, सारे जाते. फडताळे रिकामी होतात, दप्तरे आणि कोटांचे खिसे उलटे करून झटकले जातात, मुलांच्या गाडीच्या सीटखाली सापडणारा चुरा हा तर स्वतंत्र अध्याय आहे. उरलेला माल विकण्याचा कायदेशीर व्यवहार रब्बींमार्फत बिगरयहुदी माणसाशी होतो. अनेक शाळांत मुले बंद पाकिटे आणि डबे गोळा करून गरजूंसाठी अन्नपेढीला देतात. सणाआधी गरिबांना पीठ पोचवण्याच्या जुन्या प्रथेचाच तो शाळकरी अवतार म्हणायचा.

सणाच्या आदल्या रात्री शोध होतो. घरातले दिवे मालवतात, मेणबत्ती पेटते, एका हातात पीस आणि दुसऱ्या हातात लाकडी चमचा. शोधाआधी आशीर्वचन म्हटले जाते. मग काहीच न सापडले तर ते वाया जाईल, म्हणून घरातलेच कोणी पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून खोल्याखोल्यांतून आधी ठेवून देतात. मुले ते हुडकतात, पिसाने चमच्यात लोटतात, पिशवीत टाकतात. अनुभवी आया तुकडे कुठे ठेवले याची यादी करून ठेवतात. दहावा तुकडा हरवला तर खेळ खेळाच्या जागी राहतो आणि घर खरोखरच पुन्हा धुंडाळावे लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी हे सारे अंगणात किंवा गल्लीच्या तोंडाशी जाळतात. त्या दिवशी कुटुंबातले प्रथमजात पुत्र उपवास धरतात. पुत्र लहान असला तर त्याच्या वतीने बाप धरतो.

या दिवशी मात्सा खायची नसते, म्हणजे रात्री तिची चव नवी लागेल. पण लहान मुलांचे काय? शास्त्रकारांनी वयाची अट घातली नाही. ज्या मुलाला मिसरमधून सुटल्याची गोष्ट सांगितली तर कळते, त्याला दिवसा मात्सा देऊ नये. ज्याला कळत नाही त्याला दिली तरी चालते. गोष्ट कळणे हीच इथे वयाची खूण.

शाळांमध्ये तयारी कित्येक आठवडे चालते. न्यूयॉर्क, लंडन वा मेलबर्नमधल्या यहुदी शाळांत आणि इस्राएलच्या बालवाड्यांत तिचे स्वरूप बरेचसे सारखे आहे. मुले स्वतःची हगादा तयार करतात, म्हणजे त्या रात्री वाचायच्या पोथीची चित्रे चिकटवलेली, रंगवलेली वही. मात्सा झाकायचे कापड रंगवले जाते, अफिकोमनसाठी, म्हणजे जेवणाच्या शेवटी खायच्या अर्ध्या मात्सासाठी, पिशवी शिवली जाते, कागदी ताटलीवर सेदेरच्या, म्हणजे त्या रात्रीच्या विधीभोजनाच्या, ताटातल्या वस्तूंची चित्रे चिकटवली जातात. ही वही मग वर्षानुवर्षे घरात राहते, तिच्यावर द्राक्षाच्या रसाचे डाग साचतात, आणि महागड्या सचित्र हगादा शेल्फवर राहून मुलाची वही टेबलावर येते.

शाळेतला सर्वांत बोलका पाठ मात्सा भाजण्याचा. पिठाला पाणी लागल्यापासून मळणे, लाटणे, टोचे मारणे आणि भाजणे हे सगळे १८ मिनिटांच्या आत उरकायचे, नाहीतर पीठ आंबले असे धरतात. खबाद या यहुदी चळवळीची केंद्रे अनेक शहरांत मुलांसाठी अशी बेकरी मांडतात. पीठ एका कोपऱ्यात आणि पाणी दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलेले असते, दोन्ही चुकूनही आधी भेटू नयेत म्हणून. मुलांच्या डोक्यावर कागदी टोप्या, हातात लाटणी. घड्याळ सुरू होते आणि एकच धांदल उडते. कोणाची मात्सा नकाशासारखी, कोणाची जाड, मधे कच्ची. दातेरी चाकाने भोके पाडून झाली की लांब काठीवर घालून ती भट्टीत सारतात. करपलेला, वेडावाकडा तो तुकडा मूल जपून घरी नेते. सेदेरच्या विधीला तो बहुधा चालत नाही. त्यासाठी लागणाऱ्या पिठावर तर कापणीपासून किंवा दळणापासून देखरेख असते. पण मिसरमधून निघताना पीठ फुगायलाही उसंत नव्हती, हे त्या १८ मिनिटांत जेवढे कळते तेवढे पानभर वाचून कळत नाही.

त्यानंतर शाळेचा सराव-सेदेर. खरा सेदेर काळोख पडल्यावर सुरू होतो. एप्रिलमधल्या लंडनला त्यासाठी रात्रीचे नऊही वाजू शकतात आणि घरोघर लहानांना दुपारी बळेच निजवतात. शाळेतला सेदेर भर दुपारी उरकतो. लांब टेबले, पांढरे कागद, प्रत्येकापुढे मिठाच्या पाण्याची वाटी, पार्सलीची काडी, रसाचा पेला. पालक भिंतीला टेकून उभे असतात. मुले विधीच्या पायऱ्यांची नावे चालीवर म्हणतात. त्या मोजल्या तर पंधरा. मग सगळा वर्ग एका सुरात चार प्रश्न म्हणतो.

इथेच एक पेच आहे. शाळेने प्रश्न शिकवला आणि उत्तरही शिकवले. घरी येणारे मूल त्या रात्री काहीच न कळून विचारत नाही, पाठांतर म्हणून दाखवते. खुर्चीवर उभे राहते, मोठी माणसे टाळ्या वाजवतात, आणि प्रश्नाचे नाट्यगीत होते. ज्या घरांत आईबापांची हिब्रू सुटली आहे तिथे तर मूलच घराला शिकवते. बापाने मुलाला सांगावे हा आदेश उलटा फिरतो. शाळेला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तिने शिकवले नसते तर कित्येक घरांत ही रात्र उरली नसती. मात्र चकित करण्याची जबाबदारी त्यामुळे पुन्हा घरावर येते, आणि चांगली घरे ती ओळखून असतात. कोणी टेबलाऐवजी जमिनीवर उशा टाकून तंबू उभारतात, कोणी विधीच्या अध्येमध्ये, काही कारण न सांगता, मुलांना खाऊ वाटतात.

सेदेरचे ताट हीसुद्धा चकित करण्याचीच सामग्री आहे. भाजलेले हाड, भाजलेले अंडे, मारोर म्हणजे कडू पाला किंवा किसलेले हॉर्सरॅडिश, मिठाच्या पाण्यात बुडवायची हिरवी भाजी, आणि विटा घालण्याच्या गाऱ्याची आठवण देणारे हारोसेत. पूर्व युरोपातल्या घरांत हारोसेत सफरचंद, अक्रोड आणि दालचिनीचे असते, इराकी घरांत खजुराच्या काकवीत अक्रोड घालून करतात. सुरुवातीलाच हिरवी भाजी बुडवून खातात आणि जेवण मात्र येत नाही. मुलाने विचारावे, याखेरीज या कृतीला परंपरेने दुसरे फारसे कारण दिलेले नाही.

चार प्रश्नांचा मथितार्थ असा : आज फक्त मात्सा का, कडू पाला का, दोनदा बुडवणे का, आणि रेलून बसणे का. मिश्नात एक प्रश्न भाजलेल्या मांसाविषयी आहे. यरुशलेमचे मंदिर पडल्यावर यज्ञाचे कोकरू राहिले नाही, तो प्रश्न गळाला आणि रेलून बसण्याचा आला. इस्राएलमध्ये आज घरोघर ऐकू येणारी चाल एफ्राइम अबिलेआह या संगीतकाराने १९३६ च्या सुमारास बांधलेली आहे. बहुतेकांना ती हजारो वर्षांची वाटते.

बगदादी आणि कुर्दी घरांत याच्या जोडीला छोटे नाटक होते. एक मूल अफिकोमनची मात्सा कापडात बांधून खांद्यावर टाकते, हातात काठी घेते आणि दाराबाहेर जाऊन परत येते. कुठून आलास, असे विचारल्यावर ते मिसर म्हणते. कुठे निघालास, तर यरुशलेम. मोरोक्कोच्या घरांत सेदेरचे ताट एकेकाच्या डोक्यावरून फिरवतात आणि गाणे म्हणतात. इराण-अफगाणिस्तानातून आलेल्या घरांत एका गीताच्या पालुपदावर पातीच्या कांद्याने एकमेकांना झोडपतात. मुकादमाच्या चाबकाची ही आठवण आजोबांच्या पाठीवर कांदा मारायला मिळतो म्हणून मुलांच्या विशेष लाडकी.

अफिकोमनची चोरी ही पूर्व युरोपीय घरांची खासियत. मधली मात्सा मोडून अर्धी बाजूला ठेवतात. जेवणाच्या शेवटी ती खाल्ल्याशिवाय सेदेर पुरा होत नाही. मुले ती पळवतात आणि खंडणी मागतात. दुसऱ्या घरांत मोठे लपवतात आणि मुले शोधतात. चोरी शिकवू नये म्हणून काही घरांनी ही प्रथा मुद्दाम टाळली. सौदा मात्र चातुर्याचा आहे. बक्षीस शेवटी मिळणार असल्याने मूल शेवटपर्यंत जागते, आणि साऱ्या विधीला अडवून धरण्याची ताकद रात्रभर सर्वांत लहानाच्या हाती राहते.

कथेचा कठीण भाग म्हणजे मिसरवर आलेल्या दहा पीडा. प्रत्येक पीडेचे नाव घेताना प्याल्यातला थेंब बोटाने काढून टाकतात. शत्रूच्या दुःखाने आपला आनंदाचा प्याला तेवढा उणा होतो, असे त्याचे एक प्रचलित स्पष्टीकरण आहे. दुकानांत आता पीडांच्या पिशव्या मिळतात : प्लास्टिकचे बेडूक, टोळ, गारांसाठी पांढरे गोळे, अंधारासाठी काळे चश्मे. बालवाड्या बेडकांवर रमतात आणि दहाव्या पीडेपाशी, प्रथमजातांच्या मृत्यूपाशी, पावले झपझप उचलतात. चार वर्षांच्या मुलासाठी ते योग्यच. पण बारा वर्षांच्या मुलालाही फक्त बेडूक दिले तर चार प्रकारच्या मुलांचा धडा मोठ्यांनीच वाचला नाही असे म्हणावे लागते.

हगादा हे पुस्तकही मुलांना समोर ठेवून सजत आले. १५२६ ची प्राग हगादा लाकडी ठशांच्या चित्रांनी भरलेली आहे. १६९५ च्या अ‍ॅमस्टरडॅम आवृत्तीत ताम्रपटांवरून छापलेली चित्रे आणि वाळवंटातल्या प्रवासाचा नकाशाही आहे. सेदेरच्या शेवटी म्हणायची एका करडाची साखळीकथा आणि एक ते तेरा अंकांचे प्रश्नोत्तरगीत छापील स्वरूपात १५९० च्या प्राग आवृत्तीपासून आढळतात. ती पेंगुळलेल्या मुलांसाठीच आहेत. मुलांची म्हणून केलेली हगादा बर्लिनमध्ये १९३३ साली निघाली. संपादक अब्राहाम सिल्बरमान, चित्रकार एर्विन सिंगर. पट्टी ओढली की पुढे इस्राएलांना मिसरमधून बाहेर नेणाऱ्या बाळ मोशेची टोपली नाईलमध्ये हलावी, दुसरी ओढली की समुद्राने मिसरी सैन्य गिळावे, अशी तिची रचना. त्या शहरात त्या वर्षी सत्तेवर कोण आले हे आठवले की पट्टी ओढणाऱ्या त्या मुलांचे पुढे काय झाले असेल, हा विचार टाळता येत नाही. चार वर्षांनी तिची इंग्रजी आवृत्ती लंडनला निघाली आणि ती आजही घरांत आहे.

विसाव्या शतकातल्या किबुत्झांनी, म्हणजे इस्राएलमधल्या सामूहिक वसाहतींनी, सण घराबाहेर काढून सामुदायिक भोजनगृहात नेला. शेकडो किबुत्झांनी स्वतःच्या हगादा रचल्या. त्यांत वसंत, शेती आणि नव्या वस्तीचे दिवस आले, देव मागे सरला, आणि मुलांनी नव्या काळाचे प्रश्न विचारले. यागूर किबुत्झासाठी यहुदा शारेट यांनी गायनवृंदाचा अख्खा सेदेर रचला. शेकडो माणसांसमोर लहान मुलाने प्रश्न विचारायचा, ही मात्र रीत तीच.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध सख्खा आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाने पिढ्यान् पिढ्या हिब्रू पुस्तकांशिवाय हा सण धरून ठेवला. 'अनाशी ढाकाचा सण' हे त्याचे जुने नाव. आंबवणाचे मडके त्या दिवसांत झाकून ठेवायचे. घराला पांढरी सफेदी, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई ही सणाची चाहूल. कल्हईवाल्याच्या भात्याभोवती जमलेल्या मुलांना सण आल्याचे पंचांगाशिवाय कळत असे. पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी आणि मुंबईतल्या मिशनच्या शाळांनी हिब्रू शिकवली, आणि १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा शिळाछापावर निघाली. १८७४ ची पुण्याची हगादा अधिक प्रसिद्ध आहे. तिच्या चित्रात मात्सा करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या, वेण्या घातलेल्या आहेत. मराठी मुलाला मिसरची गोष्ट आपल्याच आईच्या वेषात भेटली. पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. आज तिथे बहुसंख्य विद्यार्थी यहुदी नाहीत, कारण समाजातली बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलला गेली. अश्दोद, दिमोना, लोद या गावांत त्यांची नातवंडे आता शाळेतून हिब्रू प्रश्न पाठ करून येतात. पूर्व युरोपीय शेजाऱ्यांच्या घरी सणात भात वर्ज्य असतो, यांच्या ताटात तो असतो. हा फरकही मुलांच्या प्रश्नांत भर घालतो. सेदेरच्या शेवटी एलियाहू संदेष्ट्यासाठी दार उघडतात आणि त्याचा भरलेला प्याला टेबलावर असतो. बेने इस्राएल मुलाला हा पाहुणा परका नाही. मलिदा या समाजाच्या नवसाच्या विधीच्या वेळी त्याचेच नाव घेतलेले त्याने ऐकलेले असते.

इस्राएलबाहेर सेदेर दुसऱ्या रात्रीही होतो. मधल्या दिवसांत शाळांना सुट्टी असल्याने सहली निघतात, डब्यात मात्सा आणि उकडलेली अंडी. सातव्या रात्री समुद्र दुभंगल्याची आठवण म्हणून हसिदी पंथाच्या काही सभागृहांत फरशीवर पाणी ओततात आणि त्यातून नाचत पलीकडे जातात. सण संपता संपता मोरोक्कन घरांत मिमूनाची रात्र सुरू होते. दारे उघडी टाकतात, पीठ पुन्हा घरात येते आणि मध-लोण्याबरोबर मुफलेता नावाच्या पातळ पोळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना खाऊ घालतात. शाळा उघडल्यावर वर्गाच्या भिंतीवर ४९ चौकोनांचा तक्ता लागतो. सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून सुरू झालेली ओमेरची मोजणी मुले त्यावर रोज एक खूण करून शावुओत सणापर्यंत नेतात.